पॅच आधी उलटा करून बघा

मागच्या अंकात मी जहाजांच्या पॅचबद्दल एक छोटं टिपण लिहिलं होतं. नौदलातल्या माणसांच्या जॅकेटवर, बाहीवर शिवलेले भरतकामाचे बिल्ले मी का जमवते आणि रावपुऱ्यातल्या आमच्या एम्ब्रॉयडरीच्या दुकानात शाळांचे बिल्ले भरता भरता ही आवड कशी लागली, एवढंच त्यात होतं. बडोद्याला समुद्र नाही, तरी पत्रांचा ढीग आला. त्यातली काही इथे घेते.

काकू, दिवाळीत भावनगरला गेलो होतो. त्रापज–अलंग रस्त्यावरच्या एका दुकानात 'आयएनएस विराट'चा पॅच मिळाला. जहाज तोडताना आतून निघाला, असं दुकानदार म्हणाला. बाराशे रुपये दिले. खरा असेल का? फोटो सोबत पाठवतोय. – एक वाचक, मांजलपूर

फोटो तुम्ही पुढच्या बाजूचा पाठवलात. पॅचची पुढची बाजू कुणीही हुबेहूब करू शकतं. सुरतेत कॉम्प्युटर मशीनवर डिझाइन चढवलं की दुपारपर्यंत शंभर नग तयार. म्हणून पॅच हातात आला की मी आधी तो उलटा करते.

त्याआधी गोष्टच तपासा. विराट म्हणजे पूर्वीची ब्रिटिश 'हर्मीस'. १२ मे १९८७ रोजी ती आपल्या नौदलात दाखल झाली, ६ मार्च २०१७ ला निवृत्त झाली आणि अलंगच्या जहाज तोडायच्या किनाऱ्यावर पोचली सप्टेंबर २०२० मध्ये. मधली साडेतीन वर्षं ती रिकामीच होती. माणसं जहाजावरून उतरतात तेव्हा कपडे, टोप्या, बिल्ले घेऊनच उतरतात. तोडायला आलेल्या सांगाड्यातून कोरा करकरीत पॅच निघणं मला पटत नाही. अलंगला येतात त्यातली बहुतेक जहाजं मालवाहू किंवा प्रवासी असतात, युद्धनौका क्वचितच. त्या रस्त्यावर कपबश्या, घड्याळं, सोफे, लाइफ जॅकेट अस्सल मिळतात. पॅचच्या बाबतीत तिथलं खरं धन वेगळं आहे. जुन्या बॉयलर सूटच्या ढिगाऱ्यात जहाज कंपन्यांची नावं भरलेले बिल्ले असतात, त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मी तिथे गेले की तेच शोधते.

आता उलट बाजू. विराटच्या काळात कॉम्प्युटर मशीन आलेलं होतं, त्यामुळे टाका एकसारखा आहे एवढ्यावरून पॅच खोटा ठरत नाही. कड बघा. नखाने खरवडल्यावर टणक आणि वितळल्यासारखी लागली तर ती गरम सुरीने किंवा लेझरने कापलेली आहे, म्हणजे काम अलीकडचं. मग कडेलगतची भोकं शोधा. पॅच कुणी अंगावर घातला असेल तर सुईची भोकं असणारच, आणि एखाद्या कोपऱ्यात दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकलेला सापडतो. नंतर रंग. उन्हात वापरलेला पॅच पुढून फिका पडतो, मागे मूळ रंग तसाच राहतो. दोन्ही बाजू सारख्याच मळकट असतील तर तो चहाच्या पाण्यात बुडवलेला समजा. टाके बोटांनी जरा फाकवून आत बघा. खरा मळ वरवर बसतो, चहा आतपर्यंत जातो.

दुकानदार नोटा तपासायला निळा दिवा वापरतात, तोही उपयोगी पडतो. अंधारात पॅचवर धरा. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचा पांढरा सुती दोरा सहसा मंद, पिवळसर दिसतो. हल्लीच्या दोऱ्यात चकाकी आणणारं रसायन असतं, तो निळापांढरा झगमगतो. पण आपल्या घरांमधून वर्षानुवर्षं पांढऱ्या कपड्यांना टिनोपॉल दिलेलं आहे. तसा धुतलेला जुना बिल्लाही दिव्याखाली चमकेल. त्यामुळे विकणारा म्हणतोय तो काळ आणि कापड जुळतंय का, हे या दिव्यावरून बघा, पण निकाल एकट्या दिव्यावर देऊ नका.

तुमच्या फोटोत कड लेझरची वाटते. पैसे परत मागायला जाऊ नका, मिळणार नाहीत. पॅच फेकूही नका. मागे एक चिठ्ठी लावा: अलंग रस्ता, अमुक दिवाळी, नवी प्रत. तुमच्या पश्चात तो कुणी जुना म्हणून विकू नये.

माझे सासरे नौदलात 'मैसूर'वर होते. गेल्या वर्षी ते गेले. ट्रंकेत त्यांचं निळं जॅकेट निघालं, त्यावर चार पॅच आहेत आणि एक जरीचा बिल्ला आहे, तो काळा पडलाय. नणंद म्हणते, पॅच उसवून, धुऊन फ्रेम करू, नातवंडांना एकेक देता येईल. करावं का? – एक सून, वाघोडिया रोड

नका करू. हात जोडून सांगते, उसवू नका.

ते चार पॅच मिळून एका माणसाची नोकरी सांगतात. कुठला कुठे लावलाय, कुठल्याखाली जुन्या बिल्ल्याची भोकं आहेत, कुठला घाईने शिवलाय आणि कुठला नीट, हे सगळं जॅकेटवर आहे. उसवलेत की हातात चार सुटे तुकडे राहतील. तसे तुकडे बाजारात पुष्कळ फिरतात. ज्या जॅकेटचा माणूस माहीत आहे असं जॅकेट फार थोड्यांकडे असतं.

धुवायचं तर मुळीच नाही. जुन्या लाल दोऱ्याचा रंग पाण्यात हमखास सुटतो आणि पांढऱ्यावर चढतो. जुन्या भरतकामात रेयॉनचा दोरा खूप असे. तो ओला झाला की कमजोर होतो आणि चोळला की तुटतो. आतलं बकरम फुगतं, मग पॅच पुन्हा कधी सपाट बसत नाही. धूळ काढायला मऊ कोरडा ब्रश घ्या. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर नळीच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधा आणि अगदी कमी ओढीवर, न टेकवता फिरवा.

जरीचा बिल्ला काळा पडला तो तारेवरच्या चांदीमुळे. लिंबू, चिंच, पितळ घासायची पॉलिश यातलं काही त्याला लावू नका. सोन्याचा पातळ मुलामा निघून जाईल आणि आतला सुती दोराही खाल्ला जाईल. जरीकाम आमच्या घरात तीन पिढ्यांपासून आहे, म्हणून ठामपणे सांगते: काळी पडलेली जर तशीच शोभते.

जॅकेट ठेवायला धुतलेलं मांजरपाट आणा, साबणाचा अंश राहू देऊ नका. बाह्यांमध्ये त्याच्या सैल गुंडाळ्या भरा म्हणजे घडी एका रेषेवर पडणार नाही. वरून तेच कापड. प्लास्टिकची पिशवी नको, आपल्या पावसाळ्यात आत दमट होतं. डांबरगोळ्या ठेवायच्याच असतील तर कापडाला टेकणार नाहीत अशा, वेगळ्या पुरचुंडीत. फेविकॉल आणि सेलोटेप तर आसपासही नको.

नातवंडांसाठी प्रत्येक पॅचचा मोठा फोटो काढून घ्या. आणि एक काम या आठवड्यातच करा. सासूबाई असतील तर त्यांच्याजवळ जॅकेट घेऊन बसा. कुठलं जहाज, कुठलं बंदर, बिल्ला कुणी शिवला, त्यांना आठवेल ते पेन्सिलीने कागदावर उतरवा. 'मैसूर' ही मूळची ब्रिटिश क्रूझर 'नायजेरिया'. १९५७ मध्ये ती आपल्या नौदलात दाखल झाली आणि १९८५ पर्यंत सेवेत होती. तिच्या नावाचं दुसरं जहाज १९९९ मध्ये आलं. सासरे पहिल्या मैसूरवर होते की दुसऱ्या, हे आज घरात सगळ्यांना ठाऊक असेल. नातवंडांच्या मुलांना ते कुठून कळणार? गंडभेरुंड, म्हणजे दोन डोक्यांचा तो पक्षी, जॅकेटवर असेल तर त्याचा फोटो मला जरूर पाठवा.

मी अमेरिकन विमानवाहू जहाजांचे पॅच जमवतो. नुकताच 'एंटरप्राइज'चा मिळाला. वडील म्हणतात, १९७१ साली हे जहाज आपल्या अंगावर धावून आलं होतं, याचा बिल्ला घरात नको. काय करू? – एक तरुण वाचक, डभोई

बाबांचा राग पोकळ नाही. डिसेंबर १९७१ मध्ये अमेरिकेने टास्क फोर्स ७४ हा युद्धनौकांचा ताफा बंगालच्या उपसागराकडे पाठवला, त्यात एंटरप्राइज होती. आपली विमानवाहू विक्रांत तिथेच होती. ४ डिसेंबरपासून तिची सी हॉक आणि अलीझे विमानं कॉक्स बझार, चितगाववर हल्ले करत होती. ते दिवस ज्यांनी रेडिओला कान लावून काढले, त्यांना ते नाव नकोसं वाटणारच.

तरीही पॅच ठेवा, असं मी म्हणेन. समोरचं जहाज कुठलं होतं हे माहीत असल्याशिवाय विक्रांतने काय केलं ते पुरतं कळत नाही. माझ्या अल्बममध्ये या दोघी समोरासमोरच्या पानांवर आहेत.

आणि बाबांना हेही दाखवा. तुम्ही लिहिलंय की पॅचवर 'सीव्हीएन-६५' आहे. १९७१ साली या जहाजाची खूण 'सीव्हीएएन-६५' होती. मधलं 'ए' अक्षर ३० जून १९७५ रोजी गेलं. म्हणजे हा पॅच त्यानंतरचा, त्या डिसेंबरात तो कुणाच्याही छातीवर नव्हता. कदाचित त्यांचा राग थोडा निवळेल.

हीच नजर विक्रांतच्या पॅचवरही ठेवा. '१९७१' लिहिलेला आणि वर सी हॅरियर विमान काढलेला पॅच मला बऱ्याचदा दाखवला जातो. सी हॅरियर आपल्याकडे आली १९८३ मध्ये. डेकचं टोक वर उचललेलं दाखवलं असेल, म्हणजे स्की-जंप, तर ते रूप विक्रांतला १९८०च्या दशकाच्या अखेरीस मिळालं. असा पॅच नंतर आठवण म्हणून केलेला असू शकतो, त्यात वाईट काही नाही, पण युद्धातला म्हणून त्याची किंमत देऊ नका. शिवाय २ सप्टेंबर २०२२ ला दाखल झालेल्या नव्या विक्रांतवरही तोच क्रमांक आहे, आर-११, आणि तेच ब्रीदवाक्य, 'जयेम सं युधि स्पृधः'. नुसतं नाव आणि क्रमांक बघून जुनी की नवी ते कळत नाही, विमान आणि जहाजाचा आकार बघावा लागतो.

शुक्रवारी बाजारात पितळेची पाच कोनांची जड पाटी मिळाली. वर मुकुट आहे, पण त्यावर शिडं आणि जहाजांची मागची टोकं आहेत. पॅच नाही, तरी विचारतो. – एक वाचक, वाडी

विचारलंत ते फार बरं केलंत. शिडांचा मुकुट म्हणजे नौदलाचा मुकुट, ब्रिटिश जहाजांच्या बिल्ल्यांवर तो असतो. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, मेजर चार्ल्स फूक्स यांच्या पुढाकाराने तिथे जहाजांच्या बिल्ल्यांना शिस्त लागली आणि आकारावरून जहाजाची जात ओळखू यावी अशी सोय झाली. मोठ्या लढाऊ जहाजांना गोल, क्रूझरला पंचकोन, विनाशिकेला ढालीचा आकार, उरलेल्यांना पत्त्यातल्या चौकटसारखा. १९४० मध्ये हा भेद मोडून सगळ्या लढाऊ जहाजांना गोल आकार दिला. तेव्हा तुमची पाटी अस्सल असेल तर ती बहुधा त्या दोन दशकांतल्या एखाद्या क्रूझरची. पुढे आपल्याकडे 'दिल्ली' म्हणून आलेली 'अकिलीस' त्याच जातीची, १९३३ सालची.

मागची बाजू बघा. जुन्या ओतकामाची पाठ खडबडीत असते, स्क्रूची भोकं झिजलेली असतात. शोभेच्या प्रती मागूनही गुळगुळीत असतात. पॉलिश करू नका, खाचांमधला जुना रंग निघून जाईल. आपल्या जहाजांवर २६ जानेवारी १९५० नंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले, हेही लक्षात ठेवा.

एका अमेरिकन संग्राहकाशी अदलाबदल ठरतेय. माझ्याकडचे जुन्या विक्रांतचे दोन पॅच तो मागतोय, बदल्यात 'हॉर्नेट प्लस थ्री' असा एक मूळ पॅच देतो म्हणतो. सौदा बरोबरीचा आहे का? – एक वाचक, अकोटा

मी असते तर आज हो म्हटलं नसतं.

२४ जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चे तीन अंतराळवीर पॅसिफिकमध्ये उतरले, त्यांना उचललं हॉर्नेट जहाजाने. जहाजावरची माणसं अधिक हे तिघे, म्हणून 'हॉर्नेट प्लस थ्री'. पॅच सुंदर आहे आणि मागणी प्रचंड, म्हणूनच त्याच्या प्रती निघत राहिल्या. हॉर्नेट आज कॅलिफोर्नियात अलामेडाला संग्रहालय म्हणून उभी आहे, आणि आठवणीदाखल केलेल्या वस्तूंना अशा जहाजाच्या नावावर कायम गिऱ्हाईक असतं. 'मूळ' या शब्दावर विसंबू नका. उलट बाजूचा फोटो मागा, शेजारी पट्टी ठेवून. जहाजाची खूण दिली असेल तर ती त्या वेळची, 'सीव्हीएस-१२', हवी. मागे गुळगुळीत प्लास्टिकचा थर असेल तर १९६९ साठी मी शंका घेईन, तो थर साधारण १९७०च्या दशकात रुळला. त्याआधी मागे जाळीदार कापड किंवा उघडे दोरे दिसतात. कडेचंही तसंच. जाड दोऱ्याने गुंफलेली गोलसर कड, ज्याला ते लोक मेरो मशीनवरून नाव देतात, १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात सर्रास दिसू लागली. त्याआधीचे पॅच बहुधा सरळ कापलेल्या कडेचे.

व्हिएतनाम युद्धाच्या काळातले पॅच कुणी देऊ केले तर आणखी जपा. अमेरिकन खलाशी ते जपानात योकोसुकाला किंवा फिलिपिन्समध्ये सुबिक बे तळाबाहेरच्या ओलोंगापोला गल्लीतल्या शिंप्यांकडून भरून घेत. त्यामुळे अक्षरं वाकडी, स्पेलिंग चुकलेलं, रंग मनाचे. त्या शिंप्यांचं काम मला फार आवडतं. इंग्रजी अक्षरं ते नक्षी म्हणून बघत आणि तशीच भरत, हे टाक्यांच्या दिशेवरून कळतं. पण आता वाकडी अक्षरंही मुद्दाम काढता येतात. 'टोंकिन गल्फ यॉट क्लब' या सातव्या आरमाराच्या गमतीच्या पॅचच्या तर अगणित प्रती आहेत.

आता तुमच्या दोन पॅचबद्दल. जुनी विक्रांत ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली, पुढे मुंबईत संग्रहालय म्हणून राहिली आणि २०१४ मध्ये तोडायला गेली. तिच्यावर प्रत्यक्ष वापरलेले पॅच आपल्याकडेच दुर्मिळ आहेत, परदेशात त्याहून. तुमच्याकडे दोन सारखे असतील तरच एक द्या. वेगवेगळे असतील तर दोन्ही ठेवा आणि देण्यासाठी दुसरं काही शोधा.

सौदा ठरलाच तर दोघांनी एकाच दिवशी पाठवायचं, नोंदणी करून, पावतीचा फोटो एकमेकांना द्यायचा. तो जुना असामी असेल आणि तुम्ही नवे असाल तर तुम्ही आधी पाठवा असं तो म्हणेल. तशी रीत आहे. अशा वेळी त्याच्याशी व्यवहार केलेल्या दोघांची नावं मागा, आणि त्यांना खरंच विचारा. पॅच दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा, घडी नको. पाकिटावर वस्तू आणि किंमत खरी लिहा. तिकडून येणाऱ्या पाकिटावर सीमाशुल्क लागू शकतं, ते कुणी भरायचं हे आधीच ठरवा. मैत्री तुटते ती बहुतेक या शंभर-दोनशे रुपयांवरून.

मी महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकते. हातखर्चातून हा छंद सुरू करता येईल का? कुठून करू? – एक विद्यार्थिनी, कारेलीबाग

येईल. एकच जहाज घ्या आणि त्याच्याबद्दल सगळं वाचा. 'सूरत'पासून सुरुवात करा, घरचंच आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिच्या बोधचिन्हाचं अनावरण सुरत शहरातच झालं. त्यावर हजिराचं दीपगृह आणि गीरचा सिंह आहे. १५ जानेवारी २०२५ ला ती नौदलात दाखल झाली. इतक्या नव्या जहाजाच्या पॅचला जुनेपणाची किंमत लागत नाही.

मग नौदलाचा ध्वज ओळखायला शिका, पुष्कळ पॅचवर तो असतो आणि काळ सांगतो. लाल क्रूस होता, ऑगस्ट २००१ मध्ये गेला, २००४ मध्ये अशोकस्तंभासह परत आला, २०१४ मध्ये त्याखाली 'सत्यमेव जयते' आलं, आणि सप्टेंबर २०२२ पासून शिवरायांच्या मुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आहे. एवढं पाठ झालं की निम्मे विक्रेते तुम्हाला फसवू शकणार नाहीत.

नौदलाचा पॅच माझ्या जॅकेटवर शिवून घातला तर चालेल का? – एक वाचक, सामा

संग्रहात ठेवायला, फ्रेम करायला हरकत नाही. पण आपण सैनिक किंवा नौसैनिक आहोत असं लोकांना वाटावं म्हणून तसा पोशाख किंवा खूण वापरणं हा गुन्हा आहे. अशोकस्तंभाचं चिन्ह छापून किंवा भरून विकण्यावरही २००५ च्या कायद्याने बंधनं आहेत. आमच्या दुकानात कुणी 'असाच एक नवा करून द्या' म्हणून नौदलाचा बिल्ला घेऊन आलं तर मी ओळखपत्र मागते, नसेल तर काम घेत नाही. हौस असेल तर जॅकेटवर जहाज कंपनीचा जुना बिल्ला लावा, नाहीतर तुमच्या मनातलं जहाज कागदावर काढून आणा, ते मी भरून देईन.